मागे कोण उभं आहे

गिरगावातल्या त्या गल्लीत नवा माणूस शिरला की त्याची नजर आधी दर्शनावर पडते आणि मग तो चालायचं विसरतो. सराफाच्या दारात बसलेला बंदूकवाला मुंबईत कोणाला नवा नाही. पण रमाकांतशेट हळदणकरांच्या पेढीच्या दारात बसते ती बाई. निळा गणवेश, घट्ट आंबाडा, कपाळावर बारीकशी टिकली, आणि उजव्या हाताशी उभी धरलेली दुनळी बंदूक. लोक थबकतात, एकमेकांना कोपरानं ढोसतात, मोबाइल काढतात. मग ती बघते. रागानं नाही, नुसतीच बघते. मोबाइल आपोआप खिशात जातात आणि लोक चालू लागतात.

समोरच्या चष्म्याच्या दुकानात अनुजा घाडी डोळे तपासायचं काम करते. चिंचपोकळीच्या चाळीत वाढलेली, शिकून या कामाला लागलेली मुलगी. दर्शनाची आणि तिची खरी ओळख झाली ती डोळ्यांमुळेच. एका सकाळी कामावर बसण्याआधी दर्शना दुकानात आली आणि म्हणाली, "बघ गं जरा. दर वर्षी बघून घेते मी."

अनुजानं तिला खुर्चीत बसवलं. दर्शनानं तक्ता वरून खालपर्यंत घडाघडा वाचला. शेवटची ओळसुद्धा न अडखळता.

"झालं ताई. एकदम क्लिअर."

"त्याच्या खालचं नको वाचायला?"

"खाली काय? संपला तक्ता."

"छापणाऱ्याचं नाव आहे की कोपऱ्यात," दर्शना म्हणाली आणि तेही वाचून दाखवलं.

अनुजा उठून तक्त्याजवळ गेली, वाकली, डोळे बारीक केले. नाव होतं. रोज त्या तक्त्यासमोर उभी राहणाऱ्या अनुजानं ते आजवर पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून तिला दर्शनाबद्दल जे वाटू लागलं त्याला आदर म्हणावं तर तो शब्द थोडा अपुरा पडतो. मोठ्या देवळाच्या गाभाऱ्यात शिरताना पाऊल आपोआप हळू पडतं, तसं काहीतरी होतं ते.

बंदूक दर्शनाच्या वडिलांची. धोंडू तावडे फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, परळला बिऱ्हाड केलं आणि परवाना काढून या पेढीच्या दारात बसले ते शेवटपर्यंत. त्यांच्या पश्चात बंदूक नियमाप्रमाणे पोलिसांत जमा झाली. वारसांपैकी कोणी परवाना आपल्या नावावर करून घेतो का, अशी विचारणा झाली. थोरला भाऊ बँकेत, धाकटा दुबईला. दोघांनीही हात झटकले. दर्शना तेव्हा घरी ब्लाउज शिवायची. नवऱ्यानं दुसरं घर मांडलेलं, पदरात मुलगी. तिनं सांगितलं, "माझ्या नावावर करा."

परवान्याच्या साहेबांनी विचारलं, "बाई, तुम्हाला बंदूक कशाला हवी?"

"नोकरीला," ती म्हणाली.

रमाकांतशेट आधी तयार नव्हते. "अगं, लग्नाचे दागिने घ्यायला लोक येतात. दारात बाई बंदूक घेऊन बसलेली बघून हसतील."

"हसू देत ना शेट. हसत हसत आत तर येतील!"

लोक हसले, आत आले, खरेदी करून गेले. हळूहळू हसणं थांबलं. आता तर गल्लीतल्या आया पोरांना सांगतात, दंगा केलास तर दर्शनाताईला सांगेन. दर्शनाला हे मुळीच आवडत नाही. "माझ्या नावानं भीती घालू नका पोरांना," असं ती अनेकदा म्हणून झाली, पण ऐकतंय कोण?

संध्याकाळी पेढी बंद झाली की ती बंदूक कव्हरात घालून बसनं परळला घरी नेते. बस कितीही भरलेली असो, तिच्या शेजारची सीट रिकामी राहते. अनुजानं एकदा हे पाहिलं होतं. माणसं दांड्याला लोंबकळत होती आणि तिच्या बाजूला एक अख्खी जागा मोकळी. दर्शनानं हातानं खूण करून अनुजाला बोलावलं, "ये, बस. कोणी बसत नाही इथे." हसून म्हणाली, पण ते हसणं अनुजाला पुढे बरेच दिवस आठवत राहिलं.

याच सुमारास हितेंद्र अनुजाच्या मागे लागला.

आला होता साधा गिऱ्हाईक म्हणून. फ्रेम घेतली. मग ती नाकावर सैल होते म्हणून आला, मग कानामागे रुतते म्हणून. नंतर कारण सांगायचंही बंद झालं. चष्म्याच्या दुकानात जिकडेतिकडे आरसे. अनुजा गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत असायची आणि कुठल्या तरी आरशाच्या कोपऱ्यात तो रस्त्यापलीकडे उभा दिसायचा. मग चर्नी रोडला स्टेशनच्या जिन्याखाली. मग निरनिराळ्या नंबरांवरून मेसेज. तिनं पोलिसांत तक्रार केली. त्यांनी त्याला बोलावून तंबी दिली. त्यानं हात जोडले, सॉरी म्हणाला, आणि काही दिवस खरोखर दिसला नाही. तिला वाटलं, सुटले. आणि एका दुपारी मोबाइलवर एक फोटो आला. खाली काही लिहिलेलं नव्हतं. फोटो चिंचपोकळीच्या त्यांच्या चाळीच्या जिन्याचा होता.

त्या फोटोनं घरात दोन पक्ष झाले. भाऊ मयूर म्हणाला, "बस झालं. तक्रार आहे, पोलिसांत नोंद आहे. सरळ परवान्याला अर्ज कर. पर्समध्ये छोटं पिस्तूल ठेव. समोर धरलंस ना, पुन्हा गल्लीत नाही दिसणार."

आई कमल भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "घरात तां आणलंस तर मी पयल्या गाडीन गावाक जातंय. सांगान ठेवतंय."

"आई, जमाना बदललाय."

"जमानो बदललो, पण गोळी बदलली काय रे? आणि तुझ्या रागाक मी वळाखतंय. पाण्याच्या नळावर भांडाण झाला तरी तुका बादली फेकूची असता. उद्या कपाटात पिस्तूल असला तर काय फेकशीत?"

"मी नाही गं, ती वापरणार!"

"कपाट एकच आसा घरात."

"मग काय करायचं तिनं? ओरडायचं? हात जोडायचे? तो जिन्यापर्यंत आलाय आई, जिन्यापर्यंत!"

कमलनं भाकरी तव्यावर टाकली आणि पदरानं डोळे पुसले. अनुजा दोघांच्या मध्ये बसली होती आणि तिला दोघांचंही पटत होतं, हीच तिची अडचण. रोज घराबाहेर पाऊल टाकण्याआधी ती जिन्यात वाकून बघत होती. मयूर म्हणतो तसं हातात काहीतरी असतं, तर ती ताठ चालली असती. शेवटी ठरलं की दसरा होऊ दे, मग येणाऱ्या सोमवारी मयूर रजा घेईल आणि दोघं अर्ज द्यायला जातील. तोपर्यंत अनुजानं मनाशी पक्कं करायचं.

ती दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत रस्ता ओलांडून दर्शनाकडे गेली. डबा घेऊन तिच्या शेजारच्या स्टुलावर बसली आणि सगळं सांगितलं. मग म्हणाली, "ताई, मला शिकवाल?"

दर्शनानं तिच्याकडे पाहिलं नाही. तिची नजर रस्त्यावर होती. "शिकवणारे क्लब आहेत. तिथे रीतसर शिकायचं. ही बंदूक माझ्या नावावर आहे. हिला माझ्या मुलीनंही हात लावलेला नाही."

"निदान सांगा तरी. अवघड असतं का?"

"चाप ओढणं? छे. ते कोणालाही जमतं." तिनं हनुवटीनं समोर दाखवलं. "असं समज, तुझा तो माणूस आत्ता त्या फुलवालीजवळ उभा आहे. सांग मला, त्याच्या मागे कोण आहे?"

अनुजानं पाहिलं. "सीमा. फुलवाली."

"सीमा बाजूला. मागे कोण?"

"शाळेतून आलेली दोन पोरं... टेम्पोवाला."

"आणि टेम्पोच्या मागे?"

अनुजाला दिसत नव्हतं. दर्शना शांतपणे सांगू लागली. टेम्पोच्या मागे पहिल्या मजल्यावर कपडे वाळत घालणाऱ्या आजी. त्यांच्या पायाशी गॅलरीच्या गजांतून बाहेर पाय सोडून बसलेलं नातवंड. खाली सायकलवर पाववाला, तो आता पुढे सरकेल, मग त्याच्या जागी दुसरं कोणी येईल. "बाबा म्हणायचे, समोरचा दिसतोच गं, मागचा बघायला शीक. मी दिवसभर इथे बसून हेच करते. चोर शोधत नाही मी. मागे कोण उभं आहे ते बघते. मुंबईत कोणाच्या मागे कोणी नाही असं होतच नाही. म्हणून बाबांनी या दारात शेवटपर्यंत बंदूक धरली आणि चालवली नाही. मीसुद्धा नाही."

अनुजा जरा धीटपणे म्हणाली, "पण ताई, तुमच्याकडे ती आहे म्हणून तर इथे कोणी येत नाही. तुम्ही चालवत नाही, हे त्याला कुठे माहीत असतं? माझ्याकडे काहीच नाही. हेच तर त्याला माहीत आहे."

दर्शनानं पहिल्यांदाच रस्त्यावरची नजर काढून तिच्याकडे वळवली.

"खरं आहे," ती म्हणाली. "त्याला नाही म्हणता येणार नाही मला."

आणि दोघींनी डबा खाल्ला.

दसऱ्याच्या दिवशी पेढीचा एक जुना रिवाज आहे. दार उघडण्याआधी तराजू, वजनं, कारागिरांची हत्यारं आणि बंदूक पाटावर मांडून त्यांची पूजा होते. बंदूक पूजेला ठेवायची ती मधून दुमडून, नळ्या मोकळ्या दिसतील अशी. काडतुसं दर्शनाच्या कमरेच्या पट्ट्यात, आणि पट्टा गणवेशाबरोबर आत खुंटीला. दस्त्याला कुंकू, नळ्यांवर झेंडूची माळ. दिवसाची पहिली विक्री होईपर्यंत पाटावरची कुठलीच वस्तू उचलायची नाही. धोंडू तावड्यांनी हा नियम पाळला आणि दर्शनाही पाळते. तेवढा वेळ ती गणवेशात नसते. हिरवी काठपदराची साडी, नाकात नथ, आंबाड्यावर गजरा. गल्लीला वर्षातून एकदाच दिसणारी दर्शना.

त्या सकाळी सीमाच्या पाटीभोवती झेंडूसाठी ही गर्दी. अनुजाही दुकानातल्या मशिनला हार घालायचा म्हणून फुलं घ्यायला आली. सीमा ओरडत होती, "ए ताई, निवडू नकोस गं, सगळी फुलं एकाच देवाची!" अनुजा हसली, वाकली, आणि तेवढ्यात तिचं मनगट कोणीतरी धरलं.

हितेंद्र होता. दाढी वाढलेली, डोळे लाल. "पोलिसांत जातेस काय माझ्यावर? बोल ना आता. बोल." दुसऱ्या हातात सुरा होता.

सीमाला काय सुचलं कोण जाणे, तिनं हातातलं पाणी मारायचं भांडं त्याच्या तोंडावर उपडं केलं. पकड सैल झाली. अनुजानं हात हिसकला, बांगड्या फुटल्या, आणि ती जिवाच्या आकांतानं समोरच्या दाराकडे पळाली. तिथे कोणाला तरी धडकली. हिरवा पदर, गजऱ्याचा वास. दर्शनानं तिला एका हातानं आपल्या मागे ओढलं आणि पायरी उतरून रस्त्यावर उभी राहिली.

बंदूक आत पाटावर होती, दुमडलेली, फुलांनी झाकलेली. दर्शनाचे दोन्ही हात रिकामे होते.

पण ती उभी राहिली ती रोजच्यासारखीच. पाय रोवून, खांदे सरळ. आणि तिनं सुऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहून ती गरजली, "मागचे बाजूला! सगळे! भिंतीला लागा!"

त्या जातीचा आवाज अनुजानं कधी ऐकला नव्हता. गल्लीनंही नाही. पण गल्लीला ती बाई माहीत होती. तिच्या हातात नेहमी काय असतं तेही माहीत होतं. आज ते नाही, हे बघायला कोणाला फुरसत होती? क्षणात माणसं दोन्ही बाजूंना भिंतींना चिकटली. सीमा पाटीसकट ओट्यावर चढली. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी नातवंडाला आत खेचलं. पाववाल्यानं सायकल टाकून दिली. आणि जिथे कधी पाय ठेवायला जागा नसते त्या गिरगावच्या गल्लीत मधोमध एक रिकामी पट्टी तयार झाली, थेट दुसऱ्या टोकाच्या कंपाउंडच्या भिंतीपर्यंत. रस्त्यावर फक्त सांडलेला झेंडू. एवढी मोकळी जमीन त्या गल्लीनं वसल्यापासून पाहिली नसेल.

तिच्यात एकटा हितेंद्र.

तो दर्शनाकडे बघत होता. तिचे हात रिकामे आहेत हे त्याला नक्कीच दिसत होतं. तो पुढे एक पाऊल आला. ती हलली नाही. मग त्यानं मागे वळून पाहिलं, कोणाला हा इशारा झाला ते बघायला असेल. मागे कोणीच नव्हतं. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. त्याच्या चेहऱ्यावरचा राग पुसला गेला आणि तिथे काहीतरी पोरकं, घाबरलेलं उमटलं. आपण नेमके कुठे उभे आहोत हे त्याला कळलं असावं.

"खाली ठेव," दर्शना म्हणाली. आता आवाज अगदी हळू होता. शिलाई मशिनवर बसलेल्या मुलीला कात्री बाजूला ठेव म्हणावं, तसा.

सुरा फुलांवर पडला. तो रस्त्यातच बसला. मग भिंतीला लागलेली माणसं त्याच्यावर धावली, आणि पुन्हा तोच आवाज आला, "मारायचं नाही! धरून ठेवा फक्त. पोलिसांना बोलवा." माणसांनी उगारलेले हात खाली घेतले.

रमाकांतशेट दारात घामाघूम उभे होते. भीती ओसरताच त्यांना मालकपण आठवलं. "अगं, दार सोडून गेलीस?"

"पूजा चालू आहे ना शेट," दर्शना म्हणाली. "मी ड्युटीवर कुठे होते?"

आणि अख्खी गल्ली हसली. रडता रडता अनुजाही हसली.

पोलीस आले, त्याला घेऊन गेले. अनुजाचा जबाब झाला, मयूर धावत आला, तिला घरी चल म्हणाला, पण ती दुकानात थांबली. दुपार कलता कलता ती आपट्याची पानं घेऊन पेढीकडे गेली. पहिली विक्री केव्हाच झाली होती. दर्शना गणवेशात, आपल्या खुर्चीवर, बंदूक उजव्या हाताशी. दस्त्यावरचं कुंकू तसंच होतं. दिवसभर लोक येऊन तिच्या पाया पडून गेले होते, एका बाईनं तर ओवाळलंही होतं. दर्शनाचा चेहरा मात्र पांढरा पडलेला.

अनुजानं सोनं दिलं. दर्शनानं ते डाव्या हातानं घेतलं.

"ताई, एक विचारू? आज ती हातात असती तर?"

दर्शनानं समोर पाहिलं. रस्ता पुन्हा भरला होता. पोरं, हातगाड्या, झेंडूचा चिखल.

"मारला असता," ती म्हणाली.

अनुजाला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"मागे कोणी नव्हतं ना. मीच सगळ्यांना बाजूला केलं होतं. बाबांनी शिकवलेलं सगळं बरोबर झालं होतं. त्याच्या हातात सुरा, मागे मोकळी भिंत. मग चाप ओढायचा, एवढंच उरतं." ती आपल्या उजव्या हाताकडे बघत होती, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. "इतकी वर्षं मला वाटायचं, मागे कायम कोणीतरी असतं म्हणून माझ्या हातून होणार नाही. आज कळलं, ती जागा मला रिकामी करता येते. नुसत्या आवाजानं करता येते."

"पण त्यानं मला..."

"हो. आणि कोणी मला चूकही म्हटलं नसतं. ओवाळायला हीच बाई आली असती." तिनं पानं गणवेशाच्या खिशात ठेवली. "म्हणूनच तर सकाळपासून रस्ता सोडून या हाताकडेच बघतेय मी."

अनुजा तिच्या हाताकडे बघत राहिली. तिला त्या बाईची भीती वाटली का? थोडी वाटली. पण त्याहून मोठं काहीतरी वाटलं. रोज सकाळी ही बाई हे सगळं ओळखून इथे येऊन बसत होती, आणि उद्यापासून आणखी एक गोष्ट ओळखून बसणार होती. ती पेलत होती ते वजन बंदुकीचं नव्हतंच.

घरी निघताना मयूरचा फोन आला. "सोमवारची रजा टाकतोय मी. आज बघितलंस ना? आता तर साहेब नाही म्हणूच शकणार नाहीत."

"टाकू नकोस रजा."

"का? घाबरलीस?"

"हो."

"त्याला? तो आत आहे गं."

"त्याला नाही," अनुजा म्हणाली. "मयूर, मला अजून समोरचाच दिसतो रे. आज मी त्याच्याशिवाय काही पाहिलं नाही. हातात पिस्तूल असतं तर त्याच्यामागची सीमा मेली असती."

मग मयूर म्हणाला, "बरं. मी स्टेशनला येऊन थांबतो. एकटी जिना चढू नकोस."

ती गल्लीतून निघाली. सीमानं उरलेली फुलं तिच्या ओंजळीत टाकली, पैसे घेतले नाहीत. हितेंद्र आज ना उद्या जामिनावर सुटेल, हे तिला ठाऊक होतं. पण त्या गल्लीत तरी तिला मागे वळून पाहायची गरज वाटली नाही. मागे कोण उभं आहे हे तिला माहीत होतं, आणि ती नजर कोपऱ्यापर्यंत आपल्या पाठीवर आहे हेही जाणवत होतं. कोपरा वळल्यावर मात्र ती क्षणभर थांबली, आणि समोरची गर्दी सोडून गर्दीच्या मागे बघत पुढे निघाली.